धुतल्यावर बसतं

रविवारी दुपारी वाचनालयाच्या मागच्या हॉलमध्ये पालकांनी मुलांना घेऊन बसायचं आणि दोघांनी मिळून एक वस्तू पुरी करायची, असा तो वर्ग होता. कधी कापडी पिशवी, कधी जुन्या चादरीचं पायपुसणं, थंडी आली की लोकरीच्या टोप्या आणि मोजे. टेबलं बुटकी आणि खुर्च्या त्याहून बुटक्या, त्यामुळे बापमंडळी गुडघे छातीशी घेऊन बसायची आणि उठताना एकमेकांना हात द्यायची. सगळ्यांना दिसेल अशी एक जोडी समोर नमुन्याला बसायची. त्या जोडीतली आई सत्तरीची होती आणि तिचं मूल चाळिशीला टेकलं होतं.

मुलाला सगळे बेबी म्हणायचे. खरं नाव शाळेच्या दाखल्यावर असेल, पण ते हाक मारायला कुणी वापरलं नव्हतं. वर्ग सुरू झाला तेव्हा बेबीच्या दोन वेण्या होत्या आणि वडील नुकतेच गेले होते. रविवार खायला उठायचा, म्हणून आईने शेजारपाजारच्या बायकांना मुलांसकट गोळा केलं. त्या बायकांची मुलं मोठी झाली, त्यांना मुलं झाली, ती मुलंही वर्गात येऊन गेली. बेबी मात्र नमुन्याच्या खुर्चीवर तशीच राहिली. गुडघे टेबलाखाली मावेनासे झाले तेव्हा ती तिरकी बसायला लागली, एवढाच काय तो बदल.

आईची एक पद्धत होती आणि ती लांबलांबच्या पालकांना माहीत होती. सुरुवात मोठ्यांनी करायची, मधलं मुलांनी, शेवट पुन्हा मोठ्यांनी. सुरुवातीला आणि शेवटाला चुका होतात, चूक झाली की मूल हिरमुसतं, हिरमुसलं की सुई टाकून पळतं. म्हणून सुईवर पहिले टाके आई घालून देणार, पोर मधल्या ओळी विणणार, आणि टाके बंद करून गाठ मारायला वस्तू परत आईकडे. पोरं खूश, कारण त्यांच्या वाट्याला रडू येईल असं काही नाहीच.

शिवाय धुलाई होती. वर्ग संपला की सगळ्या वस्तू आई पिशवीत भरून घरी न्यायची, धुवायची, ओलं फडकं घालून इस्त्री करायची आणि पुढच्या रविवारी वाटायची. पोराने विणलेलं वेडंवाकडं, भोकाभोकांचं प्रकरण आठवड्याने असं नीटस होऊन यायचं की बाप लोक ते ऑफिसात नेऊन दाखवायचे. कुणी विचारलंच, तर आईचं उत्तर ठरलेलं.

"लोकर आहे ती. विणताना कशीही दिसते. धुतल्यावर बसतं सगळं."

पालकांनी ते मान्य केलं होतं. बेबीने तर आईच्या दुधाबरोबरच मान्य केलं होतं.

घरीही हीच पद्धत चालायची. चहाचं आधण आई ठेवायची, ढवळायला बेबी, गाळायला आई. भाजी फोडणीला टाकायची आईने, झाकण काढून हलवायची बेबीने, मीठ बरोबर आहे की नाही ते पुन्हा आईने सांगायचं. बेबीला एकदा स्थळ आलं होतं. बोलणी आईने सुरू केली आणि आईनेच मोडली, मधे बेबीने चहाचा ट्रे फिरवला. मुलगा बरा होता, हसताना तोंडावर हात धरायचा. त्याचं काय बिनसलं ते बेबीने विचारलं नाही, आणि आई म्हणाली, "तुला नसतं झेपलं गं." वाचनालयातली नोकरीसुद्धा आईनेच ग्रंथपालांना गळ घालून मिळवलेली. तिथे पुस्तकं देणं-घेणं ग्रंथपाल करायचे, बेबी ती कपाटात लावायची. आता तुम्ही म्हणाल, चाळिशीच्या बाईला स्वतःची अक्कल नव्हती का? होती की. पण ज्या माणसाने जन्मात कधी दाराची कडी स्वतः काढली नाही, त्याला दार बंद आहे हेसुद्धा उशिरा कळतं.

कळलं ते एका नर्समुळे. ही नर्स आपल्या मुलीला घेऊन वर्गाला यायची, ड्यूटी करून डोळे चोळत. तोंडाने फटकळ. एका रविवारी आई हॉलच्या दुसऱ्या टोकाला कुणाची तरी गाठ मारून देत होती, तेव्हा नर्सने बेबीला विचारलं, "बेबीताई, राग मानू नका, पण तुम्हाला टाके घालताना मी कधी पाहिलं नाही. येतात ना?"

बेबी हसली. हसू तसंच चेहऱ्यावर अडकून राहिलं.

नर्स खुर्ची ओढून जवळ आली. ती ज्या शाळेत शिकली, ती दुसऱ्या गावातली मुलींची वसतिगृहाची शाळा, तिथल्या हस्तकलेच्या बाई सोडून चालल्या होत्या. जागा रिकामी होती. राहायला आवारातच खोली.

"मुख्याध्यापिका बाई ओळखीच्या आहेत माझ्या. तुमचं बोलू का? मात्र जाताना हातची एक वस्तू न्या. त्या सर्टिफिकिटं बघत नाहीत, हात बघतात."

"खोली एकटीला?" बेबीने विचारलं.

"नाहीतर काय पलटणीला? एक खाट, एक खिडकी. किल्ली तुमच्याकडे."

बेबी त्या रात्री किल्ली घेऊनच झोपली म्हणा ना. पगार किती, मुली किती, काही तिच्या डोक्यात आलं नाही. दार आपण उघडायचं, आपण लावायचं, आतून कुणी "आलीस का गं?" म्हणणार नाही. असं वाटलं याची तिला लाजही वाटली, कारण आई शेजारीच झोपली होती आणि तिचा हात सवयीने बेबीच्या पांघरुणावर होता.

आता हातची वस्तू कुठून आणायची? घरात ट्रंकभर विणकाम होतं. बेबीचा पहिला लाल स्वेटर, पिवळे मोजे, शाळेचा मफलर. पण त्या सगळ्यांची सुरुवात आणि शेवट आईचा. बेबीने ठरवलं, एक टोपी पहिल्या टाक्यापासून शेवटच्या गाठीपर्यंत स्वतः करायची. आईला काही सांगायचं नाही. सांगितलं असतं तर आई नाही म्हणाली नसती. "आण, टाके घालून देते," एवढंच म्हणाली असती, आणि त्यातच सगळं आटोपलं असतं.

घर दोन खोल्यांचं, दार लावता येईल अशी जागा एकच. बेबी न्हाणीघरात बादली पालथी घालून बसली, मोबाइल साबणाच्या फळीवर उभा केला आणि टाके कसे घालतात याचा व्हिडिओ लावला. आवाज ऐकू जाऊ नये म्हणून नळ सोडलेला.

"अगं, किती वेळ?" बाहेरून आई.

"पाय धुतेय."

"कालही पायच धूत होतीस!"

"टाचा भेगाळल्यात."

त्या दिवसांत गावात तिच्याइतके स्वच्छ पाय कुणाचे नसतील. टाके घालणं दोन दिवसांत जमलं. इतकं सोपं असेल असं तिला वाटलं नव्हतं, आणि सोपं निघालं याचा आनंद व्हायच्या ऐवजी तिला चक्क राग आला. बाकीची टोपी वाचनालयात, कपाटांच्या मागच्या बोळकांडीत. शेवट करायलाही मोबाइल पुरला. हिरव्या उरलेल्या लोकरीची लहान मुलाची टोपी झाली. हातात धरून ती कितीतरी वेळ उभी राहिली. जगात पहिल्यांदा एक वस्तू होती जी तिने केली होती.

टोपी जराशी तिडलेली, एका बाजूला पिळवटलेली होती. टाके एका ओळीत उभे राहायचे ते पायावर पाय टाकून बसल्यासारखे दिसत होते. पण बेबी घाबरली नाही. धुतल्यावर बसतं, हे तिला ठाऊक होतं. तिने टोपी धुतली, टॉवेलमध्ये दाबली, सावलीत वाळवली, ओलं फडकं घालून इस्त्री फिरवली. फडकं उचललं. टाके तसेच. तिने पुन्हा भिजवली, पुन्हा इस्त्री केली, जरा जास्तच दाबून, इतकी की लोकरीचा करपट वास सुटला. टाके ढिम्म हलेनात. आपला साबण चुकला असणार, असं तिला वाटलं. पाणी चुकलं असेल. इस्त्री फिरवायची दिशा चुकली असेल. आईचं चुकलं असेल असं मात्र तिच्या मनाला शिवलंसुद्धा नाही.

जेवताना तिने आडून विचारलं, "आई, वर्गातल्या वस्तू तू कशात धुतेस गं?"

आईचा हात ताटावर थांबला. "साध्या पाण्यात. का?"

"सहज. इतक्या छान बसतात म्हणून."

"ते हाताचं असतं," आई म्हणाली आणि तिने विषय भाजीकडे वळवला.

बेबीने टोपी कागदात गुंडाळून कपाटात कपड्यांच्या तळाशी ठेवली. वाकडी तर वाकडी, दुसरी विणायला वेळ नव्हता. नर्सने भेटीचा दिवस पक्का केला होता. आईला तिने सांगितलं, नर्सच्या नातेवाइकांकडे एक वस्तू पोचवायची आहे, संध्याकाळपर्यंत येते. आईने खोदून विचारलं नाही. डबा भरून दिला, बसमध्ये खिडकीशी बस म्हणाली, आणि ती कोपऱ्यावर वळेपर्यंत दारात उभी राहिली.

मुख्याध्यापिका बाई अंगाने भक्कम होत्या आणि बोलता बोलता एका फ्रॉकला बटण लावत होत्या. बेबी समोर बसली तरी त्यांनी बटण सोडलं नाही.

"आणलंय काही?"

बेबीने पुडी उघडली. टोपी सरळ झाली होती. टाका न् टाका ताठ उभा, ओळीला ओळ लागलेली, तीड कुठे नावालाही नाही. बसलं! बेबीच्या मनात आलं. उशिरा बसलं, पण बसलं. तिला इतका आनंद झाला की बाई काय म्हणाल्या ते पहिल्यांदा ऐकूच आलं नाही.

"हात फार सफाईचा आहे हो," बाई पुन्हा म्हणाल्या. टोपी उलटी करून त्यांनी आतली बाजू पाहिली. "शेवट तर कुठे केलाय तेही सापडत नाही."

बेबीने मान पुढे केली. तिने स्वतः मारलेली गाठ हरभऱ्याएवढी होती, आत टोचू नये म्हणून तिने ती दाबून दाबून चपटी केली होती. ती गाठ नव्हती. तिच्या जागी धागा चार टाक्यांखालून फिरवून दिसेनासा केला होता. असा शेवट करणारं माणूस बेबीच्या ओळखीचं एकच होतं.

पुढचं सगळं तिला खुर्चीत बसल्या बसल्या कळलं. ती वाचनालयात असताना आईने कपाट उघडलं. टोपी पाहिली. उसवली. त्याच लोकरीची पुन्हा विणली, घडी करून त्याच कागदात ठेवली. आणि हे पहिल्यांदा झालं नव्हतं. लाल स्वेटर, पिवळे मोजे, मफलर, पिशव्या भरभरून घरी आलेल्या वर्गातल्या पोरांच्या टोप्या. धुतल्यावर काहीच बसत नव्हतं. कधीच बसलं नव्हतं. आई बसत होती, सुया घेऊन, सगळ्यांचं परत विणायला. त्या ट्रंकेत बेबीचा म्हणून एक टाका नव्हता.

"घाबरलात का?" बाईंनी विचारलं. "मी नावं नाही ठेवत, कौतुक करतेय."

हो म्हटलं की काम झालं असतं. किल्ली बहुधा टेबलाच्या खणातच असेल. बेबीच्या जिभेवर 'हो' आलंही होतं.

"हा माझा हात नाही," ती म्हणाली. "आईचा आहे."

बाईंनी बटण बाजूला ठेवलं. "मग तुमचा दाखवा." त्यांनी कपाटातून सुया आणि एक करड्या लोकरीचा गुंडा काढून दिला आणि फ्रॉक पुन्हा हातात घेतला.

बेबीने टाके घातले. एक ओळ सुलट, एक उलट. बोटभर पट्टी झाली, तिडलेली, तिचीच. बाई उठून तिच्या मागे येऊन उभ्या राहिल्या.

"उलट ओळ घालताना धागा सुईच्या खालून घेताय तुम्ही. वरून घ्या."

"वरून?"

"असा. म्हणजे टाक्याला पीळ नाही पडत."

बेबीने धागा वरून घेतला. ओळ पुरी केली, पुढची घातली. टाके सरळ पडले. आणखी दोन ओळी. सरळ. धुवायला नको, इस्त्री नको.

"कुणी सांगितलं नाही कधी?" बाईंनी विचारलं.

आणि बेबीला रडू कोसळलं. पोरीबाळींसारखं, नाकातोंडातून. बाईंनी पाण्याचा ग्लास पुढे सरकवला आणि तिचं रडणं होईपर्यंत दुसरं बटण लावलं. मग म्हणाल्या, "जागा मी या महिन्यात भरत नाही. हीच पट्टी वाढवा, काहीही करा तिचं, मफलर करा. सुरुवातीचं वाकडं आहे ते राहू दे. मुलींना बघू दे कुठून सरळ झालं ते. पण पुरी तुम्ही करा. करून आणलीत तर खोली तुमची."

परतीच्या बसमध्ये तिने भांडण जुळवलं. एकेक वाक्य घोटून तयार केलं. घरी आली तर आई दारातच.

"आवडली का गं टोपी त्यांना?" आईचा चेहरा फुललेला. "तुझी जरा कशीतरी झाली होती. देण्याघेण्यात बरं दिसत नाही म्हणून मी नीट केली."

बसमधलं एकही वाक्य बेबीला आठवेना. तिने करडी पट्टी सुयांसकट आईच्या हातात दिली, आणि कुठे गेली होती, कशासाठी गेली होती, सगळं सांगितलं.

आईने ऐकलं, पण तिची नजर पट्टीवर होती. तिचा अंगठा टाक्यांवरून फिरत गेला आणि जिथे तीड संपत होती तिथे अडला.

"इथून पुढे कुणी केलं?"

"मीच."

"मग खालचं?"

"तेही मीच. धागा वरून घ्यायचा असतो आई. त्यांनी सांगितलं. मिनिटभरसुद्धा लागलं नाही."

आई खाटेवर बसली. मग अगदी हळू म्हणाली, "मला वाटलं, तुझा हातच तसा आहे. तुझ्या बाबांचा होता तसा. खिळा ठोकला तरी वाकडा. लहानपणी तू लाल स्वेटर विणलास आणि इतकी खूश होतीस, म्हटलं कसं सांगू हिला. एकदा नीट करून दिला, तू नाचलीस घरभर. मग करतच राहिले. पुढे वर्गातल्या पोरांचंही तसंच."

"चुकतंय एवढं म्हणायचं होतंस गं!" बेबी ओरडली. या घरात ती पहिल्यांदाच ओरडत होती आणि आवाज किती मोठा निघतो याचा तिला अंदाज नव्हता. "मला वाटायचं मला येतं! इतकी वर्षं मी तिथे सगळ्यांसमोर बसले, मला येतं म्हणून!"

"तू रडली असतीस."

"रडले असते! रडून झालं असतं!"

आई मान खाली घालून बसली होती. ती खरोखर ओशाळली होती, डोळ्यांत पाणी होतं, आणि तरी तिची बोटं आपोआप सुईकडे गेली. तिने टाके सुईवरून अर्धे सरकवलेही. "खालचं तेवढं काढून टाकू या का?" ती म्हणाली. "पुन्हा घातलं की सगळं एकसारखं दिसेल. मी टाके घालून देते—"

बेबीने पट्टी काढून घेतली. हिसकावली नाही, पण घेतली. निसटलेले टाके तिने एकेक करून सुईवर परत चढवले, आईच्या समोर खुर्ची ओढली, बसली आणि विणायला लागली. आई बघत राहिली. मधेच तिचा हात पुढे आला, परत गेला, पुन्हा आला. शेवटी तिने दोन्ही हात मांड्यांखाली दाबले आणि त्यांच्यावर वजन टाकून बसली.

दोन ओळी झाल्या. चहाची वेळ टळून गेली, कुणीही आधण ठेवलं नाही.

"हे पुरं झालं की तू जाशील," आई म्हणाली.

"हो."

"मग रविवारी मी कुणाबरोबर बसू गं?"

आईने हे भांडायला म्हटलं नव्हतं. तिला खरंच सुचत नव्हतं. बेबीला तिची दया आली, इतकी की सुया खाली ठेवून तिला जवळ घ्यावंसं वाटलं. तोंड उघडलं तर 'नाही जात' असंच बाहेर पडेल, याची तिला धास्ती वाटली. म्हणून तिने मान वर केली नाही आणि ती टाके मोठ्याने मोजायला लागली.